गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब : वाटचाल आणि पुनरागमन

2011 च्या जनगणनेप्रमाणे अख्ख्या गोवा राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. आपल्या एकट्या बीड जिल्ह्याची जवळपास 26 लाख. एवढ्याशा गोव्याने 2004-05 ते 2011-12 या आठ हंगामांत फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद सात वेळा आपल्याकडे आणलं. त्यांतली पाच विजेतेपदं एकाच क्लबची, पणजीच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबची. उरलेल्या दोनांपैकी एक चर्चिल ब्रदर्सचं, एक साळगावकरचं. फक्त 2005-06 साली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने बाजी मारली. त्या आठ वर्षांत कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या जुन्या, दिग्गज क्लबांना राष्ट्रीय लीग एकदाही जिंकता आली नाही.

युसूफ वडगावातल्या खेळाडूंच्या या स्मरणिकेत गोव्याच्या एका फुटबॉल क्लबचा इतिहास कशासाठी, याचं उत्तर या आकड्यांतच आहे. आपल्याकडे कबड्डी आहे, जत्रेतली कुस्ती आहे, संध्याकाळचं व्हॉलीबॉल आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्णपदक घेऊन आला, तेव्हापासून पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं वाढली आहेत. गुणवत्ता मोजायला लोकसंख्या लागत नाही, हे साबळेने दाखवलं. पण साबळेसारखा एक माणूस घडणं वेगळं आणि वर्षानुवर्षं माणसं घडवणारी संस्था उभी राहणं वेगळं. त्या दुसऱ्या कामाचा धेंपो क्लबइतका स्पष्ट, चढउतारांनी भरलेला आणि अजून चालू असलेला दाखला मराठी मुलखाच्या जवळपास मला तरी दिसत नाही.

गोव्यात फुटबॉल आणलं कोणी, तर राज्यकर्त्या पोर्तुगिजांनी नव्हे. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू 1883 च्या सुमारास बार्देश तालुक्यातल्या शिवोलीला राहायला आले. त्यांनी शाळा काढली आणि मुलांना चेंडू लाथाडायला शिकवलं. मुंबई-बेळगावला शिकायला गेलेली गोव्याची मुलं सुट्टीत घरी येताना हाच खेळ घेऊन येऊ लागली. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या प्रांगणात आणि भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतांत गावागावांचे सामने रंगू लागले. आपल्याकडे ज्वारीची काढणी झाल्यावर रानात कबड्डीची रेघ मारतात, तसाच हा शेतकरी कुटुंबातल्या मुलांचा मोकळ्या दिवसांतला खेळ. 22 डिसेंबर 1959 रोजी गोवा फुटबॉल असोसिएशन स्थापन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 19 डिसेंबर 1961 रोजी, गोवा मुक्त झाला. संघटना पोर्तुगीज अमदानीत जन्मली आणि स्वतंत्र भारतात मोठी झाली.

मुक्तीनंतर गोव्याच्या खेळाला आधार मिळाला तो लोहखनिजाच्या व्यवसायाचा. वास्कोला व्ही. एम. साळगावकरांच्या घराण्याचा क्लब 1956 पासून होता. पणजीच्या धेंपो घराण्याने 1968 साली आपला क्लब सुरू केला. वसंतराव आणि वैकुंठराव धेंपो या बंधूंनी 1941 मध्ये व्ही. एस. धेंपो आणि कंपनी काढली होती. खाणी, जहाजबांधणी, पुढे गोवा कार्बन असा तिचा विस्तार होत गेला. मिरामारचं धेंपे महाविद्यालय याच घराण्याच्या पुढाकारातून उभं राहिलं. ‘नवहिंद टाइम्स’ हे इंग्रजी आणि ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिकही त्यांचंच. फुटबॉल क्लब म्हणजे धनवंतांची हौस, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही यादी एकत्र वाचावी. महाविद्यालय, वृत्तपत्रं, क्लब ही सगळी समाजाच्या उपयोगाची कामं एका पिढीने एकाच दशकाच्या आगेमागे हाती घेतली आणि पुढच्या पिढीने ती टाकून दिली नाहीत.

क्लबची पहिली मोठी ओळख मुंबईत झाली. 1891 पासून खेळला जाणारा रोव्हर्स करंडक ही त्या काळात देशातली एक मानाची स्पर्धा होती. कुपरेजच्या मैदानावर मुंबईकर गर्दी करत आणि त्या गर्दीत गिरगाव, माझगाव, वांद्र्याला स्थायिक झालेले गोवेकर मोठ्या संख्येने असत. सत्तरच्या दशकात धेंपोने हा करंडक जिंकला आणि गोव्याचं फुटबॉल गावकीच्या सामन्यांपुरतं नाही हे देशाला दाखवून दिलं. पुढे ऐंशीच्या दशकात गोव्याच्या राज्य संघाने संतोष करंडक जिंकला. एकदा बंगालसोबत संयुक्तपणे आणि लगेच पुढच्या वेळी एकट्याने, तोही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. त्या संघाचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकर क्लबचे. 1997 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. धेंपोच्या इतिहासात प्रतिस्पर्धी क्लबच्या खेळाडूचं नाव मुद्दाम घेतो आहे, कारण साळगावकर समोर नसते तर धेंपो एवढे मोठे झाले नसते. 1988 मध्ये फेडरेशन करंडक आणि 1998-99 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब साळगावकर होता. पणजीला वास्कोची बरोबरी करायची होती. शेजाऱ्याच्या यशाने पेटून उठणं आणि तरीही शेजाऱ्याला शत्रू न मानणं, हे गोव्याच्या क्लबांना चांगलं साधलं.

धेंपोचा सुवर्णकाळ आर्मांदो कुलासो या प्रशिक्षकाच्या नावाशी बांधलेला आहे. नव्या शतकाच्या सुरुवातीपासून एका तपाहून अधिक काळ ते या संघाचे प्रशिक्षक होते. आज फुटबॉलमध्ये तीन सामने हरले की प्रशिक्षकाला नारळ मिळतो. धेंपोच्या व्यवस्थापनाने मात्र एका गोव्याच्याच माणसावर विश्वास टाकला आणि चांगल्या-वाईट दोन्ही हंगामांत तो ढळू दिला नाही. माझ्या मते क्लबच्या पाच विजेतेपदांचं सर्वांत मोठं कारण हेच. परदेशी खेळाडू होते, आणि फार मोठ्या तोलाचे होते. ब्राझीलचा बेटो मधल्या फळीतून खेळ चालवायचा आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स गोल करायचा. 2011-12 च्या हंगामात रँटीने राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगमध्ये 32 गोल केले. त्याच्या आदल्या मोसमात एअर इंडियाविरुद्धचा सामना धेंपोने 14-0 असा जिंकला. पण संघाचा कणा गोव्याच्या मुलांचा होता. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, पुढे महेश गवळी ही नावं त्या काळात भारतीय संघातही सतत दिसत. ही मुलं दरवर्षी क्लब बदलत नव्हती. समीर आणि क्लिफर्ड यांची तर जवळजवळ सारी कारकीर्द याच जर्सीत गेली.

या वैभवाच्या सुरुवातीलाच क्लबवर मोठा आघात झाला. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना होता. धेंपोसमोर मोहन बागान. धेंपोकडून ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनिअर हा अवघा 25 वर्षांचा आघाडीपटू खेळत होता. त्याने पहिला गोल केला. उत्तरार्धात दुसरा गोल मारताना तो मोहन बागानच्या गोलरक्षकावर आदळला, खाली कोसळला आणि पुन्हा उठला नाही. धेंपोने करंडक 2-0 असा जिंकला. दोन्ही गोल त्याचे. क्लबने त्याचा 10 क्रमांक कायमचा निवृत्त केला. या दुःखातून बाहेर येत, त्याच हंगामाच्या शेवटी, धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली. उपविजेता होता स्पोर्टिंग क्लब द गोवा. म्हणजे पहिले दोन्ही क्रमांक गोव्याचे. मैदानावर डॉक्टर, रुग्णवाहिका आणि प्रथमोपचाराची साधनं असली पाहिजेत, यावर भारतीय फुटबॉलमध्ये या मृत्यूनंतर गांभीर्याने चर्चा झाली. आपल्या गावात स्पर्धा भरवणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मंडप, बक्षिसं, सत्काराचे हार यांच्या खर्चाआधी प्रथमोपचाराची पेटी आणि तयार गाडी यांची सोय झाली पाहिजे.

2006-07 मध्ये राष्ट्रीय लीगचा शेवटचा हंगाम झाला आणि तो धेंपोने जिंकला. 2007-08 मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. तिचा पहिला हंगामही धेंपोनेच जिंकला, पण या वेळी निसटत्या फरकाने. धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स यांचे गुण समान झाले आणि गोलफरकावर विजेतेपद ठरलं. दरम्यान 2006 मध्ये ड्युरंड करंडक आला. 2008 मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी करंडकाच्या उपांत्य फेरीत धडक मारणारा धेंपो हा पहिला भारतीय क्लब ठरला. सिंगापूरच्या होम युनायटेडला हरवून तो तिथवर पोहोचला आणि लेबनॉनच्या सफा क्लबकडून हरला. आशियात भारतीय क्लब इतका पुढे जाऊ शकतो यावर तोवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

2009 मध्ये धेंपो समूहाने आपला खाण व्यवसाय सेसा गोवा कंपनीला सुमारे 1,750 कोटी रुपयांना विकला. 2012 मध्ये तर गोव्यातल्या खाणी बंदच पडल्या. ज्या पैशावर गोव्याचे क्लब उभे राहिले, तो झरा आटला. महाराष्ट्रात आपण काय पाहिलं? 2010 मध्ये महिंद्र युनायटेड क्लब बंद झाला, राष्ट्रीय विजेतेपद मिळवून पाच वर्षंही झाली नव्हती. 2007 मध्ये मोठ्या उमेदीने सुरू झालेला पुणे एफसी 2015 मध्ये मिटला. पंजाबात फगवाड्याचा जेसीटी 2011 मध्ये संपला. धेंपो घराण्याने मुख्य व्यवसाय विकल्यावरही क्लब चालू ठेवला. जुन्या गोव्यात एलाच्या मैदानावर मुलांची अकादमी चालवली. त्याची पूर्ण किंमत पुढच्या वर्षांत कळली.

कुलासो 2013 मध्ये क्लब सोडून गेले. ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आले, मग इंग्लंडचे ट्रेव्हर मॉर्गन. 2014-15 च्या हंगामात पाच वेळचा विजेता संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. नेमक्या त्याच सुमारास, 2014 मध्ये, इंडियन सुपर लीग सुरू झाली होती. सिनेमातले तारे, क्रिकेटपटू, मोठ्या कंपन्या, दूरचित्रवाणीवर रोज सामने. तिच्यातल्या एफसी गोवा संघाच्या सुरुवातीच्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगावकर हेही होते. हे मी नोंदवतो, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट अर्धी राहील. नव्या वाऱ्याचा अंदाज या घराण्यांनाही होता आणि त्यांनी त्यात पाय ठेवून पाहिला होता. पण मैदानावर हरलेल्या आपल्या जुन्या संघाला त्यांनी सोडलं नाही. 2015-16 मध्ये धेंपोने दुसरी श्रेणी जिंकली आणि आय-लीगमध्ये परतण्याचा हक्क मैदानावर मिळवला.

आणि तेव्हाच 2016 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा नवा आराखडा पुढे आला. इंडियन सुपर लीग देशाची प्रमुख लीग होणार होती आणि आय-लीग तिच्याखाली जाणार होती. खालचा संघ कितीही जिंकला तरी त्याला खेळाच्या जोरावर वर चढण्याची वाट नव्हती. वरचा संघ कितीही हरला तरी तो खाली येणार नव्हता. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. नुकताच जिंकून मिळवलेला प्रवेश धेंपोने सोडून दिला. तेव्हा अनेकांना हा निर्णय हट्टाचा वाटला. मला तो योग्य वाटतो. खेळाचं मूळ तत्त्व असं की जो जिंकेल तो वर जाईल आणि जो हरेल तो खाली येईल. धेंपोने या तत्त्वाचे दोन्ही अनुभव एका पाठोपाठ दोन वर्षांत घेतले होते. स्वतः खाली घसरून, तक्रार न करता, पुन्हा जिंकून आलेल्या संघाला या प्रश्नावर बोलण्याचा जो अधिकार होता, तो दुसऱ्या कोणाला नव्हता.

हे तत्त्व किती खोल असू शकतं हे पाहायचं तर थेट पोर्तुगालला जावं लागेल. तिथे राष्ट्रीय विजेतेपद बेन्फिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांपलीकडे फक्त दोघांनी मिळवलं आहे. 1945-46 मध्ये बेलेनेन्सेसने आणि 2000-01 मध्ये बोआव्हिस्ताने. 1919 मध्ये स्थापन झालेला बेलेनेन्सेस लिस्बनच्या बेलें या भागातला. वास्को द गामाची जहाजं 1497 मध्ये भारताच्या शोधात जिथून निघाली, ती किनारपट्टी हीच. क्लबचं रेस्तेलो मैदान तिथून जवळच आहे आणि क्लबच्या चिन्हावर त्या जहाजांच्या शिडांवरचा क्रूस आहे. तिथले क्लब परंपरेने सभासदांचे असतात. सभासद वर्गणी भरतात, मतदान करतात, अध्यक्ष निवडतात. पुढे व्यावसायिक संघ चालवण्यासाठी वेगळ्या कंपन्या निघाल्या आणि बेलेनेन्सेसमध्ये सभासदांचा क्लब आणि गुंतवणूकदारांची कंपनी यांचं फाटलं. 2018 मध्ये कंपनीचा संघ प्रथम श्रेणीत राहिला. सभासदांच्या क्लबने आपल्या मैदानावर, आपल्या नावाने, लिस्बन जिल्ह्याच्या सर्वांत खालच्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली. एकेकाळचा राष्ट्रीय विजेता जिल्हा पातळीवरच्या हौशी संघांशी खेळू लागला. दरवर्षी एकेक पायरी चढत 2023 मध्ये तो देशाच्या दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. त्यानंतरच्या हंगामात पुन्हा एक पायरी घसरला, तरीही क्लब तोच आहे, मैदान तेच आहे.

गोव्यात पोर्तुगिजांची सत्ता साडेचारशे वर्षं होती. त्या सत्तेबद्दलची कटुता आपल्या मनात आहे आणि ती असायलाच हवी. तरीही लिस्बनच्या बेलेनेन्सेसने आणि पणजीच्या धेंपोने एकमेकांना न विचारता जवळपास एकाच काळात एकसारखा निर्णय घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं. झगमगाटाच्या कडेला राहायचं, खाली जायचं, पण चढायचं ते खेळूनच.

2016 नंतर धेंपो गोव्याच्या राज्य लीगमध्ये खेळत राहिला. राष्ट्रीय वृत्तपत्रांतून त्याचं नाव जवळजवळ नाहीसं झालं. ही वर्षं लिहायला सगळ्यांत अवघड आणि माझ्या मते क्लबच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी. टीव्ही नाही, प्रायोजकांची रांग नाही, परदेशी ताऱ्यांची आवक नाही. एलाच्या अकादमीत मुलं रोज यायची, सराव व्हायचा, मोसमात सामने व्हायचे. पाच विजेतेपदांच्या संघात बचाव सांभाळणारे समीर नाईक आता प्रशिक्षक झाले. त्यांचा जुना सहकारी क्लिफर्ड मिरांडाही प्रशिक्षणात उतरला आणि 2023 मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली ओडिशा एफसीने सुपर करंडक जिंकला. एखाद्या क्लबने फक्त खेळाडू घडवले की खेळाची समज असलेली माणसं घडवली, हे तो खेळाडू पस्तिशी ओलांडल्यावर कळतं.

दरम्यान ज्या मुद्द्यावर गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली होती, तो मान्य करावा लागला. आय-लीगच्या विजेत्याला इंडियन सुपर लीगमध्ये प्रवेश देण्याचं ठरलं आणि 2023 मध्ये पंजाब एफसी त्या वाटेने वर गेला. वाट उघडली तसा धेंपो परतला. 2023-24 मध्ये त्याने आय-लीगच्या खालच्या, म्हणजे आय-लीग 2 या स्पर्धेत भाग घेतला. पाच राष्ट्रीय विजेतेपदं असलेल्या क्लबला थेट वरचं स्थान द्या, असा आग्रह धरला नाही. या स्पर्धेत बंगळूरचा स्पोर्टिंग विजेता ठरला, धेंपो उपविजेता, आणि दोघेही आय-लीगमध्ये गेले. 2024-25 च्या हंगामात धेंपो स्पोर्ट्स क्लब पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. प्रशिक्षक समीर नाईकच होते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी मानधन देऊन मल्ल सांभाळले, ही परंपरा आपल्याला माहीत आहे. आपल्या भागातही ऊस आहे, कारखाने आहेत आणि ऊसतोडीला कुटुंबासोबत बाहेर जाणारी, शाळा-सराव दोन्ही तुटणारी मुलंही आहेत. क्रीडा संस्था काढायची म्हटलं की आधी मोठं बक्षीस, मोठे पाहुणे आणि मोठा मंडप डोळ्यांसमोर येतो. धेंपोचा इतिहास वाचताना मला दुसरा हिशोब दिसतो. एक मैदान वर्षभर मुलांसाठी राखून ठेवणं. एक प्रशिक्षक बारा वर्षं टिकवणं. हरलेल्या संघाला पुढच्या मोसमात पुन्हा उतरवणं. आणि मूळ देणगीदाराचा व्यवसाय बदलला तरी संस्थेचं काम न थांबवणं. युसूफ वडगावात कबड्डीचा किंवा कुस्तीचा कायमचा वर्ग सुरू करण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी गोव्याला सहलीला जाल तेव्हा समुद्रावरचा एक दिवस कमी करून जुन्या गोव्याला एलाच्या मैदानावर मुलांचा सराव पाहून यावं. जमलं तर प्रशिक्षकांना विचारावं, की मुलं किती वर्षांची असताना येतात, परीक्षेच्या दिवसांत सराव कसा ठेवतात, गरीब घरच्या मुलाच्या बुटांचा खर्च कोण करतं.